मागचे आसन

आमच्या अंगणातील चिंचेखाली एक जुनी मॅटॅडोर उभी असते. तिचा जन्म १९७४ सालचा. म्हणजे पन्नाशी उलटलेली. तिचा मूळचा रंग निळा होता असे आई सांगते, आणि आईच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागतो. कारण आज तिच्या अंगावर निळा, हिरवा आणि तांबूस ह्यांपैकी कोणता रंग अधिक आहे हे ठरविणे अवघड आहे. नाक चपटे, डोळे वाटोळे, आणि चालू करताना प्रथम एक दीर्घ खोकला. बाजूचे दार उघडायचे तर हाताबरोबर खांदाही लावावा लागतो. तरीही पाहुणे आले की तिच्याभोवती एक फेरी मारल्यावाचून घरात शिरत नाहीत.

'मॅटॅडोर' हा शब्द मूळचा स्पॅनिश. बैलाशी रिंगणात झुंजून त्याला ठार करणाऱ्या योद्ध्याला तेथे मॅटॅडोर म्हणतात. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील विडाल ह्या घराण्याच्या टेंपो कारखान्याने १९४९ साली आपल्या एका छोट्या मालगाडीला हे नाव दिले. पुढे १९५८ साली नवलमल फिरोदिया ह्यांच्या पुढाकाराने आपल्याकडे बजाज टेंपो ही कंपनी स्थापन झाली. प्रथम तिने तीन चाकांच्या गाड्या काढल्या, आणि काही वर्षांनी पुण्याजवळच्या आकुर्डीहून चारचाकी मॅटॅडोर रस्त्यावर आली. २००५ साली ह्या कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स असे झाले. परंतु नाव बदलले तरी 'टेंपो' हा शब्द आपल्या भाषेत राहिलाच. आज कोणत्याही कारखान्याची लहान मालगाडी असो, आपण तिला बिनदिक्कत टेंपो म्हणतो. ज्या गुऱ्हाळांवरून गुळाच्या ढेपा पूर्वी बैलगाडीने बाजाराला जात, त्यांच्या दारांत मॅटॅडोर येऊन उभी राहिली, आणि बैलांचे ते काम संपले. तलवार न उपसता तिने आपले नाव सार्थ केले, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आमच्या वडिलांनी ही गाडी १९८१ साली कऱ्हाडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. तेव्हा तिच्या पोटात माणसांना बसण्यासाठी आसन होते. वडिलांचा व्यवसाय गुळाचा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते आसन सोडवून ओसरीवर ठेवले आणि गाडीचे पोट ढेपांसाठी मोकळे केले. ओसरीवरच्या त्या आसनावर बसून आम्ही भावंडांनी पाढे पाठ केले, आजोबांनी वर्तमानपत्रे वाचली, मांजरीने तीन वेळा पिले घातली. शेवटी त्याच्यातील काथ्या बाहेर आला, कापड विरले, आणि उरलेला लोखंडी सांगाडा माळ्यावर गेला.

मात्र ह्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा भार कोणी सोसला असेल तर तो आईने. पुढे चालकाशेजारी एकच जागा. तेथे आजोबा बसत, नाहीतर अडत्या बसे, नाहीतर एखादा आजारी शेजारी. आई मागे. गोणपाटाची घडी करून ती ढेपांवर बसे आणि छताच्या कडेला एका हाताने धरून राही. लग्नकार्याला, देवाला, दवाखान्यात ती अशीच गेली. वीस-बावीस वर्षे अशी गेली. तिने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही; 'गुळावर बसून जाते म्हणून मुंग्यांना माझा हेवा वाटतो' असे ती हसून म्हणे.

वडील गेले, गुळाचा धंदा थांबला. गाडी शेतीच्या लहानसहान कामांना उरली. मग तीन वर्षांपूर्वी मावशी आमच्याकडे राहावयास आली. ती आईची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी. पहिल्या वर्षी ती चष्मा कोठे ठेवला ते विसरे. दुसऱ्या वर्षी दिवस विसरू लागली. गेल्या दिवाळीत तिने माझ्या धाकट्या भावाला नाव विचारले आणि उत्तर ऐकून मोठ्या सौजन्याने 'छान नाव आहे' असे म्हणाली. पण मेणवलीचा घाट मात्र तिच्या मनातून गेला नव्हता. वाईपासून अगदी जवळ कृष्णाकाठी असलेले मेणवली हे दोघी बहिणींचे माहेर. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागचा दगडी घाट, आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आणली असे सांगतात ती भलीथोरली घंटा, ह्यांच्या गोष्टी ती रोज सांगे. हळूहळू त्या गोष्टींतूनही एकेक माणूस गळू लागले. एके संध्याकाळी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला घाट ओळखू येतोय तोवर एकदा नेऊन आणू या. मला हिच्या शेजारी बसायचंय."

भाड्याची मोटार आणणे सोपे होते, आणि तसे मी सुचविलेही. परंतु आईला आपलीच गाडी हवी होती. तिने तसे बोलून दाखविले नाही. फक्त माळ्याकडे पाहिले.

तो सांगाडा खाली काढून आम्ही गावातल्या मिस्त्रींकडे नेला. मिस्त्री वडिलांच्या वेळचे. त्यांनी सांगाडा जमिनीवर उभा केला आणि हातोडीने त्याच्या प्रत्येक नळीवर हलकेच टकटक करीत ते फिरू लागले. कुंभाराकडे मडके वाजवून घेतात ना, अगदी तसे. पाठीच्या नळ्या खणखणीत वाजल्या. डावीकडच्या दोन पायांचा आवाज मात्र बद्द आला. "हे आतून खाल्लंय," ते म्हणाले, आणि खडूने दोन फुल्या मारल्या.

माझ्या भावाला घाई होती, आणि त्याची घाई अकारण नव्हती. मावशीचा प्रत्येक आठवडा मोलाचा होता. त्याने सुचविले की सांगाडा जाऊ द्या. भिंतीलगत एक लांब बाकडे ठेवू, पत्र्याला चार जोड मारून टाकू, एका दुपारचे काम. पुष्कळ जुन्या गाड्यांतून अशी आडवी बाकडी असतात व माणसे त्यांवर बसून जातातही. मिस्त्रींनी त्याचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले, आणि विचारले, "गाडी थांबंल. काकू कशानं थांबतील?"

ह्या प्रश्नात पदार्थविज्ञानाचा एक अख्खा धडा आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा आत बसलेले माणूसही त्याच वेगाने जात असते. आपण स्वस्थ बसलो आहोत असा त्याला केवळ भास होतो. सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजल्यांच्या घराच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना जेवढ्या वेगात असते तेवढाच हा वेग. समजा, गाडी कशावर तरी आदळली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात उभी राहिली. त्या अवधीत ६० किलो वजनाच्या माणसाला थोपवून धरण्यासाठी त्याच्या वजनाच्या वीसपट, म्हणजे सुमारे १,२०० किलो वजनाइतका जोर लागतो. दोन माणसे आणि त्यांचे आसन मिळून तीन टनांचा हिशोब होतो. हा जोर कोणी लावावयाचा? आसन गाडीला ज्या चार ठिकाणी जोडलेले असते, त्या चार ठिकाणांनी. त्यातून बाकडे आडवे असले तर माणसाचे तोंड एकीकडे आणि धक्का दुसरीकडे. पाठीला टेकू नाही, पायांना रोख नाही. माणूस शेजाऱ्यावर कोसळतो. म्हणून आसनाचे तोंड पुढेच हवे, हा मिस्त्रींचा पहिला नियम. त्यांनी वीसपटीचा हिशोब कागदावर मांडला नव्हता. पण महामार्गावरून ओढून आणलेल्या मोडक्या गाड्या त्यांनी चाळीस वर्षे पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतील रबरी चटई उचलली. खाली अर्धशतकाचा इतिहास होता. गुळाचा काळा थर, धूळ, एक चार आण्याचे नाणे, माझ्या बहिणीचा लहानपणी हरवलेला पैंजणाचा घुंगरू, आणि गंज. गुळाला हवेतील ओल धरून ठेवण्याची खोड असते. जेथे गूळ पाझरला तेथे पत्रा सडला होता. मिस्त्रींनी टोकदार पेचकस घेऊन बोटाबोटाच्या अंतरावर पत्रा टोचून पाहिला. काही ठिकाणी पेचकस अडला, काही ठिकाणी तो लोण्यात सुरी जावी तसा आरपार गेला. मूळच्या आसनाची चार भोके सापडली; पण चारांपैकी दोन ह्या लोण्यात होती.

येथून पुढचे काम मी रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर जाऊन पाहत असे, आणि खरे सांगावयाचे तर आसनापेक्षा आसनाखालच्या गोष्टींचेच मला अधिक अप्रूप वाटले. प्रथम त्यांनी बॅटरीची तार सुटी केली. नंतर डिझेलची टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवली. कारण सडका पत्रा कापून नवा जोडावयाचा म्हणजे ठिणग्या उडणार. पत्र्याच्या खालून ब्रेकची नळी कोठून जाते ते त्यांनी पाहिले व वर खडूने तिची रेघ ओढली. त्या रेघेच्या जवळपास गिरमिट चालवायचे नाही, अशी पोराला सक्त ताकीद. ही मॅटॅडोर पुढच्या चाकांनी ओढली जाते, त्यामुळे इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा तिच्या पोटाखाली नाही. म्हणूनच तिचा तळ इतका सखल ठेवता आला आहे. वडिलांना ढेपा चढविण्यास हा सखलपणा सोयीचा वाटे; आता तो दोन म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना सोयीचा होणार होता.

नवा पत्रा बसला, त्याला दोन्ही बाजूंनी तांबडा रोधक रंग लागला. तो पुरता वाळेपर्यंत मिस्त्रींनी कोणाला जवळ येऊ दिले नाही. भाऊ रोज विचारी, "झाले का?" आणि रोज उत्तर येई, "रंगाला घड्याळ कळत नाही."

मग बोल्टांची पाळी आली. तुम्ही कधी बोल्टाच्या डोक्यावर काय लिहिलेले असते ते वाचले आहे काय? मी शिक्षक असूनही तोपर्यंत वाचले नव्हते. मिस्त्रींनी चार बोल्ट माझ्या तळहातावर ठेवले. प्रत्येकाच्या माथ्यावर '८.८' असे आकडे उठविलेले होते. हे त्या पोलादाच्या ताकदीचे चिन्ह. १० मिलिमीटर जाडीचा असा एक बोल्ट तुटण्यापूर्वी सुमारे साडेचार टनांची ओढ सोसतो. दिसण्यात अगदी तसेच, पण माथा कोरा असलेले बोल्ट बाजारात स्वस्त मिळतात. आकाशपाळण्यात बसताना तरी माणूस खांब हलवून पाहतो. आसनाखालचा बोल्ट कोण पाहणार?

परंतु बोल्ट कितीही बळकट असला तरी तो ज्या पत्र्यातून जातो तो पातळच. जोराचा धक्का बसला तर बोल्ट शाबूत राहील आणि पत्राच फाटून त्याचे डोके वर निघून येईल. चटईच्या भोकातून काज्याचे बटण ओढून काढावे, तसे. ह्यावर उपाय साधा आहे. पत्र्याच्या खालच्या अंगाला तळहाताएवढी जाड पोलादी पट्टी द्यावयाची, म्हणजे ओढ एका टिंबावर न पडता सभोवारच्या पत्र्यावर पसरते. मिस्त्रींनी अशा चार पट्ट्या कापल्या आणि त्यांच्या धारदार कडा कानशीने गोल केल्या. कारण पट्टीची धारच पत्र्याला कापू शकते. मागच्या दोन पट्ट्या त्यांनी गाडीच्या आडव्या तुळईवर टेकतील अशा बसविल्या. ह्या पट्ट्या गाडीखाली निजल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांच्या कडा गोल करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

आसन कोठे ठेवायचे हाही विचार होता. मूळची भोके मागच्या चाकांच्या पुढे होती आणि मिस्त्रींनी तीच जागा कायम ठेवली. चाकांच्या बरोबर वर बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा स्वतंत्रपणे भेटतो. दोन्ही चाकांच्या दरम्यान बसणाऱ्याला तो मध्यस्थामार्फत भेटतो. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्यांना हे निराळे सांगावयास नको.

एके दिवशी सकाळी मिस्त्री सुतळीचा तुकडा घेऊन आमच्या घरी आले. आईला त्यांनी स्टुलावर बसविले, पाय जमिनीला सपाट टेकवायला लावले, आणि टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत सुतळी धरून गाठ मारली. मग मावशीची गाठ. "काकू, बसताना खुर्ची उंच बरी का बुटकी बरी?" आई क्षणभर बोललीच नाही. मग म्हणाली, "उठताना धरायला काही असलं तर बरं." तिच्या मापाने कोणी गाडीत काही करावे हा प्रसंग तिच्या आयुष्यात प्रथमच येत होता. त्या दोन गाठींवरून नव्या पायांची उंची ठरली, आणि दाराशी एक पायरी व धरण्यासाठी एक आडवी दांडी आली.

गादीचे काम बाजारपेठेतल्या गादीवाल्याने केले. तळाला काथ्या, वर रबरी फेसाचा थर, आणि त्यावर खाकी जाडे कापड. चकचकीत रेक्झीन उन्हाळ्यात तापते आणि त्यावरून म्हातारी माणसे घसरतात, असे त्याचे मत पडले. त्याने आपल्या नफ्याविरुद्ध मत दिले, म्हणून ते मी लगेच मानले.

राहिले पट्टे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन ह्या अभियंत्याने सिद्ध केला. आमची गाडी त्यानंतर पंधरा वर्षांनी जन्मली, तरी तिच्यात मागे त्याचा मागमूस नव्हता. मिस्त्रींनी खिडकीजवळच्या खांबात आतून पोलादी तुकडा जोडून पट्ट्याचे वरचे टोक धरले. नुसत्या बाहेरच्या पत्र्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कमरेचा भाग पोटावर न येता मांड्यांच्या वर, कटीच्या हाडावर यावा म्हणून त्यांनी खालची टोके दोनदा सरकविली. पोट मऊ असते. ओढ हाडाने घ्यावयाची असते.

कागदपत्रांचे काम मी सांभाळले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या रचनेत परवानगीवाचून फेरफार करता येत नाही. अर्ज केला, गाडी तपासणीस नेली. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आसन दोन्ही हातांनी गदागदा हलविले. ते हलले नाही, गाडी हलली. मग ते चक्क वाकून खालच्या पट्ट्या पाहू लागले. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद दिसला तो त्यांना मजुरी घेतानाही झाला नाही.

फेब्रुवारीच्या एका सकाळी आम्ही निघालो. कऱ्हाडहून मेणवली सुमारे ९० किलोमीटर. भाऊ चालवीत होता आणि मी त्याच्या शेजारी. आईने मावशीचा पट्टा लावून दिला आणि स्वतःचा लावताना विचारले, "हा सोडायचा कसा?" तो लाल खटका दाबून सोडावयाचा, हे तिने तीनदा करून पाहिले. उंब्रज आले, साताऱ्याजवळ अजिंक्यतारा दिसू लागला, पाचवडला महामार्ग सोडला. मागून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. इतकी वर्षे मागून फक्त ढेपांची कुरकुर येत असे. मध्येच मावशीने मोठ्याने विचारले, "गूळ कुठं उतरवला गं?" गाडी घासून, धुऊन, रंगवून झाली होती, तरी तो वास तिला लागला होता. आई म्हणाली, "उतरवला मागंच. आता आपणच दोघी."

घाटावर मावशीने वाडा ओळखला नाही. घंटेकडेही तिने परक्यासारखे पाहिले. माझ्या भावाचा चेहरा उतरला. तीन आठवडे लवकर आलो असतो तर, हा विचार त्याच्या मनात स्पष्ट वाचता येत होता, आणि तो विचार सर्वस्वी चुकीचा होता असे मलाही म्हणवत नाही. मग आईने तिला हात धरून पायऱ्या उतरविल्या. पाण्याशी येताच मावशीने साडीचा ओचा सावरला, शेवटच्या पायरीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली, आणि दगडातल्या एका खोलगट जागेवर तळवा ठेवून म्हणाली, "माझा दगड. तुझा पलीकडचा." आई पलीकडच्या दगडावर जाऊन बसली. आम्ही दोघे वर थांबलो. किती वेळ थांबलो ते पाहिले नाही.

परतताना अंधार पडला. मावशी आईच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली होती. खांद्याचा पट्टा तिला काचू नये म्हणून आईने त्याखाली पदर घडी करून घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी न बोलावताच मिस्त्री पाना घेऊन घरी आले. नव्या आसनाचा पहिला प्रवास झाला की रंग आणि रबर दबून बसतात, बोल्ट पुन्हा पाहावे लागतात, असे म्हणत ते गाडीखाली शिरले. भाऊ वर बसून बोल्टांची डोकी धरीत होता. तीन बोल्ट जागचे हलले नव्हते. चौथा, डावीकडचा मागचा, पाव आट्याने आवळला गेला. आईने आतून हाक मारून त्यांना चहाला बोलाविले, तेव्हा ते खालूनच म्हणाले, "आलो काकू. एकदा वर बसा बघू. बसल्यावर परत बघतो."